ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात वैद्यकीय विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही आपणांसमोर वर्षभराच्या कार्याचा आढावा मांडतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती नवी उपकरणे आली, हा सारा तपशील अहवालात आपणांस वाचावयास मिळेलच. आज मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा रुग्णांना होणारा जंतुसंसर्ग, हा तो विषय. तो निवडण्यामागचे कारण सुखद नाही. परंतु ज्यांच्या विश्वासावर ही संस्था उभी आहे, त्यांच्यापासून ते झाकून ठेवणेही योग्य नाही.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरला राहणाऱ्या एका भगिनीवर आमच्याकडे स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, औषधे लागू पडत होती. दुसऱ्या मात्रेनंतर त्या घरी गेल्या आणि नवव्या दिवशी, शनिवारी रात्री, त्यांचे अंग तापले. थर्मामीटरचा पारा १०१ अंशांवर गेला. घरच्यांनी तापाची गोळी दिली, ताप उतरला. पहाटे पुन्हा चढला, पुन्हा गोळी दिली. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, म्हणून सोमवारी सकाळी दाखवू असे ठरले. सोमवारी त्यांना आणले तेव्हा हातपाय थंड पडले होते आणि रक्तदाब लागत नव्हता. मंगळवारी त्या गेल्या. त्यांचे यजमान आम्हांला एवढेच म्हणाले, “डॉक्टर, ताप तर साधाच होता. गोळीने उतरत होता.”

त्या रात्री आम्ही त्यांना दिलेले सूचनापत्र पुन्हा काढून वाचले. ताप आल्यास कळवावे, अशी सूचना त्यात होती. पण ती इंग्रजीत, बारीक अक्षरांत, इतर दहा सूचनांच्या मध्ये दडलेली होती. कोणाला कळवावे, रात्री कळवावे की नाही, रविवारी कोठे जावे, गोळी द्यावी की देऊ नये, यांपैकी काहीही तिथे नव्हते. त्या कुटुंबाने आपल्या समजुतीप्रमाणे जे करायचे ते सारे केले होते. चूक आमची होती. आजचे हे निवेदन त्या चुकीतून आम्ही काय शिकलो, याचे आहे.

शरीराची राखण

आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींची एक फौज अहोरात्र पहारा देत असते. तिच्यातील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जिवाणू व बुरशी यांच्यावर सर्वांत आधी तुटून पडतात. त्यांचे आयुष्य अगदी थोडे, जेमतेम एखाद-दोन दिवसांचे. म्हणून हाडांच्या पोकळीतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, रोज अब्जावधी नव्या पेशी तयार करीत असते. लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशी जुन्या शत्रूंची ओळख लक्षात ठेवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात. याशिवाय अखंड त्वचा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर, प्लीहा ही सारी या तटबंदीचीच अंगे आहेत.

ही तटबंदी शाबूत असते तोवर तिची आठवणही होत नाही. आपल्या आतड्यात, त्वचेवर, श्वासातल्या हवेत, कुंडीतल्या मातीत असंख्य जंतू असतात आणि आपण त्यांच्यासह सुखाने जगतो. फौज दुबळी झाली की हेच शेजारी वैरी होतात. म्हणूनच अशा संसर्गांना वैद्यकशास्त्रात संधिसाधू संसर्ग म्हणतात.

ही फौज तीन वाटांनी दुबळी होते. काहींना ती जन्मतःच दुबळी मिळते, काहींची आजारामुळे खचते, तर काहींची आम्ही डॉक्टर मंडळीच औषधांनी जाणूनबुजून खाली आणतो.

जन्मजात वाट

काही मुले जन्मतःच सदोष प्रतिकारशक्ती घेऊन येतात. अशा आजारांचे शेकडो प्रकार आज ज्ञात आहेत. प्रत्येक प्रकार विरळा असला, तरी सर्व मिळून संख्या नगण्य नाही. त्यांपैकी सर्वांत तीव्र प्रकारात बाळाजवळ लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी जवळजवळ नसतातच. आपल्याकडे प्रत्येक नवजात बालकाला बीसीजीची लस दिली जाते आणि क्षयरोगाने ग्रासलेल्या आपल्या देशात ती दिलीच पाहिजे. मात्र ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. निरोगी बाळ त्या जंतूंना सहज आवरते. या दुर्दैवी बाळात तेच जंतू शरीरभर पसरू शकतात.

आपल्या मुंबईत या आजारांच्या निदानाची सोय आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही रक्त व प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात अशा काही आजारांचा समावेश असून, मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे.

उपनगरातील आमच्यासारख्या रुग्णालयाचे काम यात संशय वेळेवर घेण्याचे आहे. वारंवार न्यूमोनिया होणे, तोंडातील पांढरी बुरशी काही केल्या न हटणे, वजन न वाढणे, बीसीजीची जागा चिघळणे, आणि घरात पूर्वी एखादे बाळ तान्हेपणीच दगावलेले असणे, या खुणा एकत्र दिसल्या तर “मूल नाजूक आहे” एवढ्यावर थांबू नये. जवळच्या नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांत यांतील काही आजार अधिक आढळतात, हेही संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

आजाराची वाट

दुसरी वाट आजाराची. १९८१ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांमध्ये एक असा न्यूमोनिया आढळला, जो धडधाकट माणसाला सहसा होत नाही. त्या संसर्गाच्या मागावरून वैद्यकशास्त्र एड्सपर्यंत पोहोचले. भारतात १९८६ साली चेन्नईत ज्यांच्या पुढाकाराने एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, त्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. रुग्णांना हात लावायलाही लोक धजत नसत त्या काळात त्यांनी आपले उर्वरित आयुष्य या कामी वेचले.

त्यानंतरची दोन दशके मुंबईने फार सोसले. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य एआरटी उपचार सुरू केले तेव्हा देशातील पहिल्या आठ रुग्णालयांत आपले जे. जे. रुग्णालय होते. आज नियमित औषध घेणारा एचआयव्हीबाधित माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारपण पाहतो. त्याची प्रतिकारशक्ती पुन्हा उभी राहते. भेदभाव करण्यास सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. तरीही लोकलज्जेपायी तपासणी टाळून, क्षयाने किंवा मेंदूज्वराने खंगल्यावरच दवाखान्याची पायरी चढणारे रुग्ण आम्हांला अजून भेटतात. त्यांना वाचवणे अवघड असते. वर्षभर आधी आले असते, तर ते सोपे असते.

पण या वाटेवर सर्वाधिक गर्दी कोणाची असेल, तर ती मधुमेहाची. अनियंत्रित मधुमेहात पांढऱ्या पेशींची लढण्याची क्षमता मंदावते, हे सत्य २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन जाणले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने थैमान घातले. या बुरशीचे बीजाणू माती, कुजलेला पाला, शिळी भाकरी असे सर्वत्र असतात. एरवी ते आपले काही बिघडवत नाहीत. त्या उन्हाळ्यात मात्र वाढलेली साखर, कोविड आणि स्टिरॉइडचा मारा हे तिन्ही एकाच शरीरात एकत्र आले. स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले, हे खरे. पण गरज नसता, जास्त मात्रेत, साखर न तपासता दिलेल्या त्याच औषधाने दार उघडून दिले. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी रुग्णांची मुले अंधेरीपासून मुलुंडपर्यंत औषधाची दुकाने पालथी घालत होती. कोणाचा जबडा गेला, कोणाचा डोळा गेला, कोणी गेले. प्रतिकारशक्ती क्षीण असलेली माणसे म्हणजे कोणी वेगळीच माणसे नव्हेत. ती आपल्याच घरात, आपल्याच पंक्तीला बसलेली असतात, हा त्या उन्हाळ्याचा धडा आहे.

उपचारांची वाट

तिसरी वाट आमची, म्हणजे उपचारांची. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी फाळणीनंतर कराचीहून आलेल्या कुटुंबातले आणि आपल्या घाटकोपरात वाढलेले. लहानपणी पोलिओने पाय निकामी झाले असता चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी हे कार्य केले. आज बोरिवली पूर्वेला महानगरपालिकेचे थॅलेसेमिया, बालकर्करोग व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. जी सोय एकेकाळी साऱ्या देशात नव्हती, ती आता उपनगरात आली आहे.

पण प्रत्यारोपण करावयाचे, तर आधी जुनी अस्थिमज्जा औषधांनी पुसून काढावी लागते आणि नवी रुजेपर्यंत काही आठवडे रुग्ण जवळजवळ निःशस्त्र असतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. संधिवात, ल्युपस, आतड्याचे काही विकार यांतही हीच औषधे लागतात. केमोथेरपी कर्करोगाच्या वाढणाऱ्या पेशी मारते आणि त्यांबरोबर अस्थिमज्जेच्या वाढणाऱ्या पेशींनाही मारते. म्हणजे वैद्यकशास्त्र जितके पुढे जाईल, तितकी दुबळ्या प्रतिकारशक्तीसह जगणारी माणसे वाढत जातील. ही माणसे एरवी जगलीच नसती. तेव्हा ही वाढ आम्ही यशाचीच मानतो. मात्र त्या यशाबरोबर त्यांची राखण करण्याची जबाबदारीही आमच्यावर येते.

ताप हीच एक खूण

आता त्या घाटकोपरच्या भगिनीकडे परत येऊ. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल पेशी सर्वांत खाली जातात. एरवी त्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये काही हजार असतात. त्या ५०० च्या खाली गेल्या की धोका गंभीर होतो. त्यांचा ताप नवव्या दिवशी आला, हा योगायोग नव्हता.

अशा रुग्णात संसर्ग ओळखण्याच्या आपल्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. जखम पिकली, पू झाला, म्हणजे संसर्ग झाला असे आपण समजतो. परंतु पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. लढणारेच नसतील, तर पू कोठून येणार? जखम लाल होत नाही, सूज येत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो. शरीर एकच हाक देऊ शकते, ती म्हणजे ताप. कधी कधी तीही नीट निघत नाही. थंडी वाजून येते, वृद्ध माणूस नुसता मलूल होतो, बरळू लागतो.

तापाची गोळी ही एकुलती एक हाकच दाबून टाकते. ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते आणि आत जंतू रक्तातून पसरत राहतात. म्हणून जगभरचा नियम असा आहे, की केमोथेरपीच्या रुग्णाला १०१ अंश फॅरनहाइट ताप एकदा जरी आला, किंवा १००.४ अंश ताप तासभर टिकला, तरी तो हृदयविकाराच्या झटक्याइतकाच तातडीचा समजावा. रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात, तपासण्यांचे निष्कर्ष येण्याची वाट न पाहता, शिरेतून योग्य प्रतिजैविक सुरू व्हावे. रक्ताचा नमुना संवर्धनासाठी घ्यावा आणि औषध सुरू करावे. जंतूचे नाव दोन दिवसांनी कळते. तोवर थांबण्याइतका अवधी या रुग्णापाशी नसतो.

आम्ही काय बदलले

त्या घटनेनंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. सूचनापत्र मोडीत काढून तळहाताएवढे लाल कार्ड केले. ते मराठी, हिंदी व गुजराती या तीन भाषांत आहे आणि त्यावर मोजकी वाक्ये आहेत. ताप किती आला की निघायचे, तापाची गोळी घेऊन वाट पाहायची नाही, रात्री किंवा रविवारीही यायचे, आणि फोन कोणत्या क्रमांकावर करायचा. घरी सोडताना परिचारिका रुग्णाकडून आणि घरच्या एका माणसाकडून ते मोठ्याने वाचवून घेते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडून वदवून घेते.

दुसरे, लाल कार्ड घेऊन येणाऱ्या रुग्णाला तातडीच्या विभागात रांग नाही आणि अनामत रकमेची चौकशी नाही. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. पण पैशाच्या भीतीने घरीच रात्र काढणाऱ्या माणसाला हा आदेश ठाऊक नसतो. त्याला दारातला पहारेकरी काय विचारतो, एवढेच ठाऊक असते. म्हणून आम्ही पहारेकऱ्यांनाही हे कार्ड ओळखायला शिकवले.

तिसरे, आम्ही हात धुण्याचा हिशेब ठेवू लागलो. १८४७ साली व्हिएन्नामध्ये डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवून दिले, की डॉक्टरांनी हात जंतुनाशकाने धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांनाच रुचली नव्हती. आजही घाईत सर्वांत आधी विसरले जाते ते हेच. आता प्रत्येक खाटेपाशी हातावर चोळावयाचे द्रावण आहे आणि कोणी विसरले, तर कनिष्ठ परिचारिकेने वरिष्ठ डॉक्टरांनाही आठवण करून द्यावी, असा दंडक आहे. तो पाळताना सुरुवातीला काहींना अवघडल्यासारखे झाले, हे मान्य करतो.

याने सारे मृत्यू टळले, असा दावा आम्ही करणार नाही. पण रविवारी पहाटे दोन वाजता हातात लाल कार्ड घट्ट धरून रिक्षातून उतरणारी माणसे आता आम्ही पाहतो, आणि त्यांतील अनेकजण आपल्या पायांनी घरी जातात.

घरच्यांसाठी चार शब्द

रुग्णांच्या आप्तांना आमचे मनापासून सांगणे आहे, की त्यांना बरे करण्याचा अर्धा भाग आपल्या घरात घडतो. डिजिटल थर्मामीटर घरात असू द्यावा. पाणी उकळून गार केलेले द्यावे. घरचे ताजे, नीट शिजवलेले अन्न द्यावे. गाडीवरची कापलेली फळे, बर्फ, उघड्यावरची चटणी टाळावी. मात्र भीतीपोटी सारेच बंद करून रुग्णाला उपाशी ठेवू नये. अतिकडक पथ्याने संसर्ग कमी होतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आलेले नाही. स्वच्छ धुऊन सोललेले केळे किंवा मोसंबे डॉक्टरांना विचारून खुशाल द्यावे. स्वच्छ हातांनी केलेला साधा वरणभात उत्तम.

उपनगरांत जागोजाग जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. या धुळीतून अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात आणि ते दुबळ्या फुप्फुसात रुजू शकतात. शेजारी पाडकाम सुरू असेल, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात व बाहेर पडताना रुग्णाने मास्क लावावा. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी अशा रुग्णांत मेंदूज्वर घडवते. पाखरांना दाणा घालण्यामागचा दयाभाव आम्ही जाणतो. मात्र ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराच्या खिडकीत वा गच्चीवर ते होऊ नये आणि साठलेली विष्ठा रुग्णाने स्वतः साफ करू नये, एवढी विनंती.

अवघड विनंती पुढे आहे. आपल्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला जाणे हा संस्कार आहे. गावाहून काका येतात, शेजारच्या काकू तीर्थ-अंगारा घेऊन येतात, लहान मुलांना “आजीला भेटून या” म्हणून पुढे केले जाते. यामागचे प्रेम अमोल आहे. पण साधी सर्दी, एखाद्या मुलाच्या अंगावर नुकतेच उठलेले पुरळ, एवढेही त्या आजीला पुरे होते. त्या दोन आठवड्यांत भेटायला येऊ नये. फोन करावा, डबा दाराशी ठेवावा. ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी “रात्री ताप आला तर मला उठवा” एवढे सांगून ठेवावे. त्या दिवसांत याहून मोठी भेट नाही.

घरातल्या बाकीच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी आणि मुलांच्या लसी वेळेवर पूर्ण कराव्यात. जिवंत जंतूंच्या लसी बहुतेक अशा रुग्णांना देता येत नाहीत. तेव्हा त्यांचे संरक्षण भोवतालच्या माणसांनी घेतलेल्या लसींतूनच होते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ उसळली आणि बालके दगावली. शेजारच्या बाळाला दिलेली गोवराची लस केमोथेरपी घेणाऱ्या अनोळखी मुलालाही वाचवते, हे लक्षात ठेवावे.

पाटी नसलेली देणगी

शेवटी आमच्या देणगीदारांशी थोडे बोलतो. आपल्या औदार्यातून या संस्थेत पुष्कळ काही उभे राहिले. भिंतींवरच्या नावांच्या पाट्या त्याची साक्ष देतात आणि त्या पाट्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु आज आम्ही जे सांगितले, त्यातील बहुतेक गोष्टींवर पाटी लावता येत नाही. हातावर चोळावयाच्या द्रावणाला पाटी लावता येत नाही. रविवारी रात्री जागणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या वेतनाला, तातडीच्या विभागाच्या कपाटात नेहमी भरून ठेवावयाच्या प्रतिजैविकांना, छापून संपणाऱ्या लाल कार्डांना, दूरच्या रुग्णाला त्या दोन आठवड्यांत जवळच राहता यावे म्हणून दिलेल्या खोलीच्या भाड्याला पाटी लावता येत नाही. बुरशीवरची औषधे तर इतकी महाग आहेत, की एका रुग्णाच्या उपचारात कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी संपते.

यंत्रासाठी देणगी मागताना आम्हांला कधी संकोच वाटला नाही. या गोष्टींसाठी मागताना मात्र वाटत आला, कारण दाखवायला काही नसते. आज तो संकोच बाजूला ठेवतो. ज्या देणगीवर कोणतीही अट नाही, जी रुग्णकल्याण निधीत जमा होते आणि खर्च होऊन नाहीशी होते, ती देणगी आमच्या हाती रात्री दोन वाजता उपयोगी पडते. तिचा पैन् पै हिशेब याच अहवालाच्या जमाखर्चात आपणांस दरवर्षी मिळेल, याची आम्ही ग्वाही देतो.

त्या भगिनीचे यजमान पुढे अनेक महिन्यांनी रुग्णालयात आले. लाल कार्डाचा पहिला मसुदा आम्ही त्यांनाच वाचायला दिला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि त्यातील ‘ताप आल्यास त्वरित संपर्क साधावा’ हे वाक्य खोडायला सांगितले. “त्वरित म्हणजे केव्हा, हे आम्हांला कळत नाही,” ते म्हणाले. त्यांनी सुचवलेलेच वाक्य आज कार्डाच्या वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत आहे: ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये.

 जाताना दाराशी ठेवलेले एकेक लाल कार्ड कृपया सोबत न्यावे. आपल्या घरी त्याची गरज न पडो. पण आपल्या इमारतीत, आपल्या आळीत ते कोणाला तरी लागेल.